बत्तीस नंबरचा निवारा

आमच्या सर्वेक्षण खात्याला पन्नास वर्षं झाली म्हणून एक पुस्तिका निघते आहे. त्यात जुन्या माणसांवर कुणी ना कुणी चार शब्द लिहायचे असं ठरलं आणि विमानातले फोटो वाचणाऱ्या एका माणसावरचे चार शब्द माझ्या गळ्यात पडले, कारण त्याच्या खोलीत मी एकोणीस वर्षं काढली. "चांगलंच लिहा हं बाई," नवे साहेब म्हणाले. "माणूस गेला आहे." गेला म्हणून काय झालं? जिवंतपणी जो समोर येईल त्याच्या अंगावर धावून जायचा, आणि आता मी त्याच्यावर फुलं उधळू? मी झालं तसं लिहिणार. छापायचं नसेल तर केराची टोपली तुमच्याच टेबलाखाली आहे.

मी त्याला घुबड म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ते कळलं होतं. तो मला चावी म्हणायचा, आणि तेही सगळ्यांदेखत. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी माझं नाव सांगायला गेले तर त्याने मान वर केली नाही. "नाव ठाऊक आहे. चावीवाल्याची मुलगी ना? फोटोंच्या पेट्या त्या कोपऱ्यात आहेत. ओल्या हाताने शिवायचं नाही." झालं स्वागत.

चावी का, ते सांगायला हवं. युद्धाच्या काळात माझे बाबा आमच्या भागाचे वॉर्डन होते. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की सार्वजनिक निवाऱ्याचं दार उघडायचं आणि माणसं मोजून आत घ्यायची, हे त्यांचं काम. वय सव्वीस. एका भर दुपारी भोंगा झाला आणि लोक धावत बत्तीस नंबरच्या निवाऱ्यापाशी आले. तिथे पाटी होती, फळ्यांचं कुंपण होतं, कुंपणाला दार होतं आणि दाराला कुलूप होतं. चावी बाबांच्या खिशात, आणि बाबा ओरडत होते, इथे काही नाही, मागे फिरा, एकतीस नंबरला पळा. निम्मे पळाले. बाकीचे दार ठोठावत राहिले. बॉम्ब रस्त्यावर पडला आणि नऊ माणसं त्या दाराशीच गेली.

बाबांनी चौकशीत सांगितलं की आत निवारा नव्हताच. खड्डा खणून ठेवला होता, छप्पर घातलंच नव्हतं, तळाला कमरेएवढं पाणी साचलं होतं. पोरंबाळं पडू नयेत म्हणून कुलूप. पण नगरपालिकेच्या कागदांवर बत्तीस नंबरपुढे 'पूर्ण' असा शेरा होता, आणि पडलेल्या घरांचा राडारोडा आठवड्याच्या आत तिथेच लोटून जागा सपाट केली होती. आता खड्डा दाखवायचा कुठून? बाबांच्या दंडावरची पट्टी काढून घेतली. शिक्षा काही झाली नाही, म्हणजे कागदावर झाली नाही. दुकानात आमचा नंबर कायम शेवटी. शाळेत मला पहिलीपासून चावी हेच नाव. घाबरला, हात चालला नाही, आता खड्ड्याच्या गोष्टी रचतो, असं लोक म्हणत. आई त्यांच्याशी कडाकडा भांडायची. आई गेल्यावर भांडायचं काम माझ्याकडे आलं आणि मीही त्यात कसूर केली नाही.

घुबडाची आई त्या नऊजणांत होती. तो तेव्हा सात वर्षांचा होता. थोरल्या बहिणीने त्याला दंडाला धरून फरफटत एकतीस नंबरकडे नेलं, आई मागून येणार होती. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. मला ते शेजारपाजारच्यांनी सांगितलं, मुद्दाम घरी येऊन.

तर अशी आमची दोघांची एक खोली. उत्तरेच्या खिडकीशी त्याचं टेबल, दाराशी माझं. मधे विमानातून काढलेल्या फोटोंच्या पेट्यांची भिंत. त्याचा हुद्दा होता छायाचित्र वाचक, आणि वाचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी त्याच्या शत्रूच्या नात्याने सांगते. शिपायाच्या बुटांचा आवाज येतो म्हणून तो शिपायाला अनवाणी आत यायला लावायचा. पडद्याला कुणी हात लावला तर खेकसायचा. डबा उभ्याने खायचा, फोटोंकडे पाठ करून, शिंतोडा उडू नये म्हणून. लग्न केलं नव्हतं. केलं असतं तर मला आणखी एका माणसाची कीव करावी लागली असती.

मी नोकरीला लागून सातवं वर्ष चालू असताना शाळेपाशी दुधाची गाडी रस्त्यात खचली. पाहतात तो खाली अख्खी खोली, भिंतीला लागून बाकं, छताला कंदील टांगायचे आकडे. युद्धातला निवारा. असे शहरात पन्नास-साठ होते, काही विटांनी बुजवलेले, काही मातीने भरलेले, काही नुसतेच विसरलेले, आणि यादी कुणाकडेच नाही. वर घरं, रस्ते, दवाखाना. नगरपालिकेचं धाबं दणाणलं. हुकूम निघाला की जुन्या फोटोंवरून सगळे निवारे शोधून काढा.

हे फोटो आमच्या विमानांनी काढलेले नव्हते, शत्रूच्या विमानांनी काढलेले होते, बॉम्ब कुठे टाकायचे ते ठरवायला. युद्ध संपल्यावर पेट्यांसकट हाती लागले. विमान एका रेषेत जाताना ठरावीक वेळाने फोटो काढतं, त्यामुळे एकच जागा लागोपाठच्या दोन फोटोंत दोन ठिकाणांहून दिसते. ते दोन फोटो शेजारी ठेवायचे, वर दोन भिंगांचं यंत्र ठेवायचं, डाव्या डोळ्याने एक बघायचा, उजव्याने दुसरा. क्षणभर धूसर दिसतं आणि मग जमीन उठून उभी राहते. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा किंचाळलेच, घरं डोळ्यांत घुसतील अशी वर आली. "ओरडायला काय झालं?" घुबड म्हणाला. "घर आहे, साप नाही."

यात एक मेख आहे. डावा फोटो उजवीकडे गेला की सगळं उलटं दिसतं. टेकडीची विहीर होते, विहिरीची टेकडी. विमान जातानाच्या फेरीतले फोटो डावीकडून उजवीकडे लावायचे, परतीच्या फेरीतले उजवीकडून डावीकडे. नवशिका पहिल्या आठवड्यात ही चूक करतो आणि लगेच पकडतो, कारण आजूबाजूची घरं जमिनीत बुडालेली दिसतात. म्हणून घुबडाचा नियम होता की आजूबाजूचं पाहिल्याशिवाय जागा वाचायची नाही. हे वाक्य मी त्याच्या तोंडून हजार वेळा ऐकलं असेल.

दीड वर्ष तो निवारे शोधत होता. बांधलेला निवारा वरून पाव ठेवल्यासारखा दिसतो, मातीने झाकलेला. त्याच्याकडे चारी बाजूंनी पायवाटा येतात, कारण माणसं रोज तिथे धावतात. घुबड आधी पायवाटा शोधायचा, मग निवारा. सापडला की ट्रेसिंग पेपरवर लाल गोल. लाल गोल म्हणजे त्या जागेवर बांधकाम बंद. जागेचे मालक हातापाया पडायला यायचे. "निवाऱ्यावर खुशाल घर बांधा," तो सांगायचा, "फक्त रोज संध्याकाळी मुलं मोजत जा." माणसं पांढरीफटक पडून परत जायची. मला तेव्हा हसू यायचं, ते मी कबूल करते.

बत्तीस नंबर त्याने अगदी शेवटी ठेवला. मला माहीत होतं का ते, आणि त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. त्या जागेवर आता बसचा डेपो आहे, खणून बघायची सोय नाही. जे काय ते फोटोच सांगणार. शत्रूच्या विमानाने तो भाग हल्ल्याच्या अकरा दिवस आधी टिपला होता. पंधरा दिवस घुबड त्या जोडीवर बसला. मग एका मंगळवारी त्याने अहवालाचा कागद माझ्या टेबलावर टाकला, टाइप करायला. 'निवारा क्र. ३२. जमिनीवर उंचवटा, मातीने झाकलेला. बांधकाम पूर्ण.'

"नीट टाइप कर, चावी," तो म्हणाला. "दगडावर कोरायचं आहे."

खरंच कोरायचं होतं. डेपोच्या भिंतीशी त्या नऊजणांसाठी दगड बसवायचा होता, बारा दिवसांनी. मजकूर घुबडाच्या अहवालावरून ठरणार होता, 'बांधून तयार असलेल्या निवाऱ्याचे दार कुलूपबंद राहिल्याने' वगैरे. मी ते टाइप केलं. तीन कागद वाया गेले. बाबा तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते, रोज त्याच डेपोतून बस पकडून रंगाच्या गोदामात कामाला जायचे. उरलेलं आयुष्य ते रोज त्या दगडासमोर बसची वाट पाहत उभे राहणार होते.

त्या संध्याकाळी घरी गेले. बाबा रेडिओ ऐकत होते. मी चप्पल काढता काढता विचारलं, "बाबा, तिथे खड्डाच होता ना?"

बाबांनी रेडिओ बंद केला आणि ते आत निघून गेले.

गुरुवारी बत्तीस नंबरची जोडी पेटीत परत ठेवायला माझ्याकडे आली. ती अजून पुठ्ठ्यावर तशीच चिकटवलेली होती, घुबडाने लावली होती तशी, आणि दोन्ही फोटोंवर काळा कागद डकवला होता. मधे भोक पाडून फक्त निवाऱ्याची जागा आणि मागचं रिकामं मैदान उघडं ठेवलं होतं. दीड वर्षात त्याने एकदाही असा कागद वापरला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्यांना नियम शिकवणारा हा, आणि माझ्या बापाची वेळ आली तेव्हा आजूबाजूचं बघायची गरज नाही? मी फोटोंचे नंबर पाहिले, मग रजिस्टर काढलं. चारशे सतरा आणि चारशे अठरा. परतीची फेरी. सतरा उजवीकडे हवा होता. तो डावीकडे होता.

मी उठून त्याच्या टेबलापाशी गेले. "बत्तीसची जोडी उलटी लागली आहे."

"पेट्या लाव, चावी."

"परतीची फेरी आहे. रजिस्टरमध्ये बघा."

त्याने रजिस्टर बघितलं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग म्हणाला, "दुपारचे फोटो आहेत. ढगाळ. सावल्या नाहीत. दोन्हीकडून वाचता येतं." एवढी लंगडी सबब त्याच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. त्यालाही ती ऐकवली नसावी, कारण लगेच तो चवताळला. "बापाला वाचवायला फोटो फिरवायला निघालीस? लाज वाटत नाही? नऊ माणसं मेली त्याच्या दारात!"

"मी बापासाठी फिरवत नाहीये. तुम्ही आईसाठी झाकलेत."

खोलीत शिपाई होता, तो पळून गेला. मी पुढे होऊन काळा कागद ओरबाडला. अर्धा निघाला, अर्धा फाटला. घुबडाने हात उगारला. मला वाटलं मारतोच आता, आणि मी तयार होते, टेबलावर जाड रूळ पडलाच होता. पण त्याचा हात तसाच राहिला. कागदाखाली ती गल्ली होती. त्याची गल्ली. निवाऱ्याच्या जागेला लागून, तिसरं घर.

तो बसला. मी काही म्हणायच्या आत त्याने यंत्र ओढलं आणि वाकून बघू लागला, जोडी उलटीच असताना. त्याला ते घर खोल बुडालेलं दिसलं असणार, विहिरीच्या तळाशी असल्यासारखं. मग त्याने फोटो सुटे केले, जागा बदलली, परत वाकला. घर वर आलं असणार.

"चादरी," तो म्हणाला. माझ्याशी नाही. "दोरीवर चादरी आहेत. धुण्याचा सोमवार असणार."

मला दया आली असं लिहिलं तर पुस्तिकेत शोभेल. मला आली नाही. अकरा दिवसांनी मरणाऱ्या बाईने वाळत घातलेल्या चादरी तो बघत होता, हे मला कळत होतं, आणि तरी माझ्या डोक्यात एकच होतं. "खड्डा बघा," मी म्हटलं. "आधी खड्डा बघा."

त्याने यंत्र दोन बोटं सरकवलं.

"छप्पर नाही," काही वेळाने तो म्हणाला. त्याचा नेहमीचा आवाज परत आला होता, कोरडा. "कडा ढासळलेल्या. तळाला पाणी आहे, चकाकतंय. एकही पायवाट येत नाही." मग डोकं वर केलं. डोळ्यांभोवती भिंगांच्या दोन लाल गोल खुणा उमटल्या होत्या. "पायवाट नाही हे मी उलट्या जोडीतही बघायला हवं होतं. पायवाट उलटी होत नाही." त्या माणसाला मी कधी माफी मागताना पाहिलं नाही. माफीच्या सर्वांत जवळचं त्याने उच्चारलेलं वाक्य हेच. मला ते पुरेसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

अहवाल बदलायला तेव्हाच्या साहेबांनी साफ नकार दिला. मजकूर गेला, दगड खोदायला घेतला, दगड बसवणारी समिती चिडेल. मग घुबड त्यांच्या खोलीत गेला आणि त्याचं ओरडणं मला तीन भिंतींपलीकडून ऐकू आलं. "खोदला असेल तर घासा! दगड कमी पडला तर माझ्या पगारातून आणा! माझी आई आहे त्यावर, मला खोट्या ओळीखाली नाव नकोय तिचं!" आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तिरसटपणाचा मला उपयोग झाला. दगड घासला गेला.

मला मात्र तेवढ्याने समाधान नव्हतं. त्याने स्वतः येऊन बाबांना सांगावं, असा मी हट्ट धरला. तीन दिवस त्याच्या मानगुटीवर बसले. रविवारी सकाळी तो आला, इस्त्रीचा शर्ट, हातात अहवालाचा कागद. बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मी त्यांना आधी काहीच सांगितलं नव्हतं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

"मी त्या गल्लीतला," घुबड दारातच उभं राहून म्हणाला. "तिसऱ्या घरातला धाकटा."

"ओळखलं," बाबा म्हणाले. "कान आईचे आहेत. बस."

तो बसला नाही. त्याने कागद वाचून दाखवला, चौकशीसमोर वाचावा तसा. बत्तीस नंबर. उघडा खड्डा. छप्पर नाही. तळाशी पाणी. निवारा बांधला गेला नव्हता. वाचून झाल्यावर कागद टेबलावर ठेवला. बाबांनी त्याला हात लावला नाही.

"हे मी अडतीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं," ते म्हणाले. "मला भिंग लागलं नव्हतं. मी काठावर उभा होतो."

"हो," घुबड म्हणाला.

"बाबा, आता दगडावरही तसंच कोरणार आहेत," मी मधेच म्हटलं. मला आनंद आवरत नव्हता. "आता कुणी काही बोलू शकणार नाही. सगळ्यांची तोंडं बंद!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते घुबडालाच म्हणाले, "तू सात वर्षांचा होतास. तुझी आई गेली होती. तू मला शिव्या घातल्यास, माझ्या मुलीला टोमणे मारलेस, ते मी समजू शकतो. दारात कुणी तरी मेलं की दारवाल्याचा राग यायचाच." मग सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले. "तू मात्र या घरात वाढलीस. माझ्यासाठी गावाशी भांडलीस, दुकानात भांडलीस, शाळेत भांडलीस. आणि मंगळवारी येऊन मलाच विचारलंस, खड्डाच होता ना? मी बोललो नाही, तर जाऊन फोटो बघून आलीस."

"बाबा, तो अहवाल आला म्हणून..."

"अहवाल आला म्हणून. बरं." त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "एक सांग. इतकी वर्षं भांडत होतीस तेव्हा तुला स्वतःला वाटत होतं का, मी खरं बोलतोय?"

मला 'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराचा तर शब्द. पण घुबड समोर उभा होता, त्या फोटो वाचणाऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत, आणि जे नाही ते आहे म्हणून त्याच्यासमोर खपवता येत नसे, हे मला आठ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. मी भांडत होते ते चावी म्हणवून घ्यायची लाज वाटत होती म्हणून. मनात मी कधीच ठरवलं नव्हतं. ठरवायला घाबरत होते. बाबांच्या बाजूने ओरडणं सोपं होतं, त्यांच्यावर विश्वास ठेवणं मला जमलं नव्हतं. माझ्यात आणि त्या दुकानातल्या लोकांत फरक एवढाच, की मी मोठ्याने खोटं बोलत होते.

घुबडाने मान खाली घातली आणि तो निघून गेला. बाबांनी सुरी उचलली आणि ते उरलेले बटाटे सोलू लागले. त्यानंतर ते सात वर्षं जगले, पण तो प्रश्न त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही.